पासंग: कुसुमावती देशपांडे आणि आपलं वाचन

(बिलोली येथे तालुक्यातील महिला मंडळं आणि बचत गटांच्या कार्यकर्त्यांसाठी झालेल्या एक दिवसाच्या वाचन-शिबिरातलं भाषण. बोलण्याचा ओघ शक्यतो तसाच ठेवला आहे.)

शिबिराचं पत्र तुमच्या हातात पडलं तेव्हा दोघीतिघींनी मला फोन केला. ‘ताई, यावेळी कायदा नाही, आरोग्य नाही, नुसतं समीक्षा लिहिलंय.’ एकीला तर वाटलं, समीक्षा नावाच्या कुणी मॅडम नांदेडहून व्याख्यानाला येणार आहेत. तिनं विचारलंसुद्धा, त्यांच्या जेवणाचं कुणाकडं आहे? तर आधीच सांगते, मॅडम वगैरे कुणी नाही, मीच आहे. आणि मीही साहित्याची विद्यार्थिनी नाही. समाजकार्यात एम.ए. केलं, तेव्हापासून तुमच्याबरोबर गावोगाव फिरते आहे. कादंबऱ्या वाचायची सवय आईची, तिच्याकडून आली. आज बोलायचं आहे ते पुस्तक वाचून झाल्यावर आपण त्याला काय म्हणतो, म्हणजे म्हणतो की नाही, याविषयी.

आणि त्यासाठी एका बाईची ओळख करून द्यायची आहे. कुसुमावती देशपांडे. नाव ऐकलेल्या किती जणी आहेत? दोन हात. बरं, दोन तर दोन.

कुसुमावती अमरावतीच्या. जन्म 1904 चा. माहेरचं आडनाव जयवंत. शिक्षण पुणे-नागपूरकडे झालं आणि पुढं त्या लंडनला गेल्या, तिथल्या वेस्टफील्ड कॉलेजात इंग्रजी साहित्य शिकल्या, 1929 साली पदवी घेतली. त्याच वर्षी कवी अनिल यांच्याशी लग्न झालं. त्या दोघांनी लग्नाआधी एकमेकांना लिहिलेली पत्रं ‘कुसुमानिल’ या नावानं पुढं छापली गेली, ती तुमच्यातल्या कॉलेजच्या मुलींनी जरूर मिळवावीत. 1929 म्हणजे काय ते आपल्या तालुक्याच्या हिशेबानं बघा. आपण तेव्हा निजामाच्या राज्यात. शाळेचं माध्यम उर्दू, मुलींच्या शाळा बोटावर मोजण्याएवढ्या. इथं आपल्या पणज्या जात्यावर बसल्या होत्या आणि शेजारच्या वऱ्हाडातली एक मुलगी लंडनहून पदवी घेऊन परत येत होती. हे अंतर मी तुम्हाला हिणवायला सांगत नाही. कुसुमावतींचं कौतुक करताना त्यांना मिळालेल्या संधीचं वजनसुद्धा काट्यावर धरायला हवं, म्हणून सांगते.

परत आल्यावर त्यांनी नागपूरला वीस-बावीस वर्षं इंग्रजी शिकवलं. नंतर दिल्लीला आकाशवाणीत बायकांच्या आणि मुलांच्या कार्यक्रमांचं काम बघितलं. आणि हे सगळं करता करता कथा लिहिल्या. ‘दीपकळी’, ‘दीपदान’, मग ‘मोळी’. नावं बघा कशी बदलत गेली. आधी दिवे, मग डोक्यावरची लाकडं. त्यांच्या कथेत मोठं नाट्य घडत नाही. फार काही होत नाही असं वाटतं, आणि वाचून झाल्यावर ती बाई, तो माणूस मनातून जात नाही.

पण मी त्यांना इथं आणलं आहे ते कथांसाठी नाही. कथा लिहिणाऱ्या या बाईनं दुसऱ्यांची पुस्तकं तोलली, म्हणून आणलं आहे. 1953-54 मध्ये त्यांचं ‘मराठी कादंबरी : पहिले शतक’ दोन भागांत आलं. मराठीत कादंबरी सुरू झाली तेव्हापासून जवळजवळ शंभर वर्षांतल्या कादंबऱ्यांचा आढावा. 1954 मध्येच समीक्षालेखांचं पुस्तक आलं, ‘पासंग’. मराठी वाङ्मयाच्या इतिहासावर त्यांनी इंग्रजीतही लिहिलं. साहित्य अकादमीनं 1988 साली काढलेल्या इंग्रजी इतिहासावर म. वा. राजाध्यक्षांच्या नावाबरोबर त्यांचं नाव आहे. आणि 1961 मध्ये ग्वाल्हेरच्या साहित्य संमेलनाच्या त्या अध्यक्ष झाल्या. पहिल्या बाई.

इथं जरा थांबते. मराठी ग्रंथकारांचं पहिलं संमेलन न्यायमूर्ती रानड्यांच्या पुढाकारानं पुण्याला भरलं ते 1878 साली. पहिली बाई अध्यक्ष 1961 साली. मधली त्र्याऐंशी वर्षं मोजा. अनिलांना तो मान 1958 साली मालवणला मिळाला होता, म्हणजे घरातसुद्धा खुर्ची आधी नवऱ्याकडंच आली! (हसू नका, अनिल कवी म्हणून मोठेच होते.) त्यानंतर दुर्गा भागवत 1975 ला कराडला, शांता शेळके 1996 ला आळंदीला, विजया राजाध्यक्ष 2001 ला इंदूरला, अरुणा ढेरे 2019 ला यवतमाळला आणि तारा भवाळकर 2025 ला दिल्लीला. सहा. यादी पाठ करायची गरज नाही, पण महिला दिनाला कुणी म्हणालं की साहित्यात बायकांना कुणी अडवलं नाही, तर हा आकडा जवळ असू द्या. कुसुमावती मात्र त्याच 1961 च्या नोव्हेंबरात गेल्या. सत्तावन्न वर्षांच्या होत्या.

आता पासंग. आपल्यातल्या बाजारात बसणाऱ्या बायांना हा शब्द सांगायला नको. हल्ली सगळीकडं बॅटरीचा काटा आला, पण जुना तराजू ज्यांनी धरलाय त्यांना माहीत आहे. रिकामा तराजू उचलला आणि एक पारडं वर राहिलं, तर त्या हलक्या बाजूला खडा नाहीतर लोखंडाचा तुकडा बांधायचा, मग दोन्ही पारडी सारखी होतात. तो पासंग. आपण बोलताना म्हणतो, ‘तो हिच्या पासंगालाही पुरणार नाही.’ म्हणजे अगदी किरकोळ वस्तू. कुसुमावतींनी हे नाव नम्रपणानं दिलं असेल. मला त्यात दुसरं काही दिसतं. तो तुकडा बांधला नाही तर तराजू खोटं बोलतो. कितीही इमानानं माप टाका, माल चुकीचाच मोजला जाणार. पुस्तकांचा तराजू आपल्याकडं कित्येक वर्षं एका बाजूला कललेलाच होता. त्यात बाईनं लिहिलेलं हलकं भरायचं आणि बाईविषयी पुरुषानं लिहिलेलं जड. तिथं कुणीतरी आधी रिकामी पारडी उचलून बघायला हवी होती.

तुम्ही म्हणाल, हे काम प्राध्यापकांचं. कथा-कादंबरी लिहिणारी व्यक्ती समीक्षा करते तेव्हा वेगळं काय होतं? मला वाटतं, होतं. जिनं स्वतः भाकरी थापली आहे तिला दुसरीची भाकरी कुठं कच्ची राहिली ते बघताक्षणी कळतं, आणि ज्वारी जुनी असली की भाकरीला चिरा जातात हेही कळतं, म्हणून ती उगाच नावं ठेवत नाही. कुसुमावतींच्या समीक्षेचा सूर तसा आहे. समजुतीचा, कमी बोलणारा. दोष सांगायचा तो सांगतात, पण लेखकाला काय करायचं होतं ते आधी पूर्ण ऐकून घेतात. इंग्रजी कादंबरी त्यांनी भरपूर वाचली होती, पण तिची पट्टी घेऊन मराठी लेखकाच्या पाठीमागं लागत नाहीत.

जगात अशा आणखी आहेत. इंग्लंडच्या व्हर्जिनिया वुल्फ कादंबरीकार म्हणून आपल्याला माहीत, पण कादंबऱ्यांच्या आधीपासून त्या पेपरात पुस्तक-परीक्षणं लिहून पैसे मिळवत होत्या, आणि पुष्कळ परीक्षणं नाव न छापता आली. ऑक्टोबर 1928 मध्ये केंब्रिजच्या मुलींच्या कॉलेजांत त्यांनी बायका आणि कादंबरी या विषयावर व्याख्यानं दिली. लिहायला बाईला स्वतःची खोली आणि स्वतःचे पैसे लागतात, हा त्यांचा मुद्दा. तेव्हा आपल्या कुसुमावती लंडनमध्येच शिकत होत्या. दोघींची भेट झाली असं मी म्हणत नाही. एकाच हवेत होत्या एवढंच.

आता त्या शंभर वर्षांच्या सुरुवातीकडं या. खरी गंमत तिथं आहे.

1868 साली नारो सदाशिव रिसबूड यांची ‘मंजुघोषा’ आली. राजपुत्र, राजकन्या, अद्भुत प्रसंग. तिच्या प्रस्तावनेत रिसबुडांनी एक कबुली दिली आहे. माझ्या शब्दांत सांगायची तर अशी की, आपल्या लग्नाच्या चालीरीतींमुळं आणि इतर कारणांनी आपल्या लोकांच्या आयुष्यात मनोरंजक असं काही घडतच नाही. रोजचं लिहावं तर ते कुणाला गोडी लावणार नाही. म्हणून रंजक पुस्तक लिहायचं तर अद्भुताकडं वळणं भाग आहे.

ऐका पुन्हा. आपल्या रोजच्या आयुष्यात लिहिण्यासारखं काही नाही. कधी? 1868 मध्ये. आठ-दहा वर्षांच्या मुलींची लग्नं लावत होते, बारा-तेराव्या वर्षी त्या विधवा होत होत्या, घरातल्या कोपऱ्यात त्यांचं केशवपन होत होतं. कुणी दिवस राहिले म्हणून विहीर जवळ करत होत्या. आणि लिहिणाऱ्याला वाटतं, आमच्या लग्नाच्या पद्धतीमुळं काही घडतच नाही! मी हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा चिडले. नंतर वाटलं, माणूस खोटं बोलत नव्हता. त्याला खरंच दिसत नव्हतं.

कारण ज्याला दिसलं त्यानं अकरा वर्षं आधीच लिहून ठेवलं होतं. बाबा पदमनजी यांचं ‘यमुनापर्यटन’, 1857. विधवांच्या पुनर्विवाहाचा कायदा 1856 चा, आणि हे पुस्तक पुढच्या वर्षी. मराठीतली पहिली कादंबरी म्हणून तिचं नाव घेतात. यमुना आणि तिचा नवरा विनायक प्रवासाला निघतात आणि गावोगावी त्यांना विधवा भेटतात, त्यांच्या हकीकती कळतात. मी ती वाचताना सारखं वाटत होतं, ही तर आमच्या फील्डवर्कची डायरी आहे! आज या गावात गेलो, अशी बाई भेटली, तिचं म्हणणं असं. म्हणजे मराठी कादंबरीची सुरुवातच मुळी बायकांच्या केसेस लिहून घेण्यातून झाली असं म्हटलं तर फारसं चुकणार नाही. शेवटी विनायक मरतो, यमुना स्वतः विधवा होते, आणि ख्रिस्ती होऊन दुसरं लग्न करते. पदमनजींनी स्वतः 1854 मध्ये ख्रिस्ती धर्म घेतला होता, त्यांना तेही सांगायचं होतं.

कादंबरीकार भालचंद्र नेमाडे यांनीही समीक्षा भरपूर लिहिली. ‘टीकास्वयंवर’ला 1991 चा साहित्य अकादमी पुरस्कार आहे. मराठी कादंबरीच्या तीन वाटा त्यांनी तीन सुरुवातीच्या पुस्तकांवरून दाखवल्या : वास्तवाशी भिडणारी ‘यमुनापर्यटन’ची, रंजन करणारी ‘मुक्तामाला’ची, आणि इतिहासात रमणारी ‘मोचनगड’ची. ही वर्गवारी फार उपयोगाची आहे. घरी जाऊन तुमची रोजची मालिका यातल्या कोणत्या वाटेनं चालली आहे ते बघा, चटकन सांगता येईल. पण ही वाटणी लेखक कुठं उभा आहे हे सांगते. त्यातली बाई काय करते, हा प्रश्न आपल्याला वेगळा विचारावा लागतो. आणि तो कसा विचारायचा हे मला पुस्तकातून नाही कळलं, कुंडलवाडीकडच्या एका गटात कळलं.

तिथं बैठकीत मी यमुनेची गोष्ट सांगितली. निम्म्या बाया घरी तेलुगू बोलणाऱ्या, एकीनं मधेमधे तेलुगूत करून सांगितलं. गोष्ट संपली. मला वाटलं, केशवपनावर बोलतील, रडतील. एक म्हातारी म्हणाली, ‘ताई, त्यानं नवरा कशाला मारला?’ मी म्हटलं, कुणी? ‘अहो, लिहिणाऱ्यानं. चांगला होता की नवरा. बायकोला घेऊन हिंडत होता. तो मेल्याबिगर हिचं दुसरं लग्न दाखवता येईना, म्हणून मारला.’ मग दुसरी म्हणाली, ‘आणि दुसरं लग्न तिला विचारून लावलं का यानंच ठरवलं?’

मैत्रिणींनो, यालाच समीक्षा म्हणतात. पुस्तकाच्या हेतूनं पात्राचा बळी घेतला का, हा प्रश्न आहे तो. सही न करता अंगठा देणाऱ्या बाईनं विचारला. मी त्या दिवशी एवढंच केलं की पदमनजींच्या बाजूनंही बोलले. त्या काळात विधवा स्वतःच्या तोंडानं काही सांगते असं छापणं हीच केवढी गोष्ट होती, आणि त्या माणसाला घरदार सोडावं लागलं होतं. म्हातारीनं ऐकून घेतलं आणि म्हणाली, ‘मग बरंय, पण नवरा मारायचा नव्हता.’ मत बदललं नाही. कशाला बदलावं?

या म्हातारीची एक थोरली बहीण दीडशे वर्षांपूर्वी होऊन गेली. बुलढाण्याच्या ताराबाई शिंदे. ‘स्त्रीपुरुष तुलना’ हे नाव तुम्ही शिबिरांत ऐकलेलं आहे. सुरतेच्या विजयालक्ष्मी नावाच्या तरुण विधवेला मूल मारल्याबद्दल फाशीची शिक्षा झाली, पुढं ती कमी झाली, पण त्यावरून एका वर्तमानपत्रानं सगळ्या बाईजातीलाच झोडपलं. त्याचं उत्तर म्हणून ताराबाईंनी 1882 साली पुण्यात हे पुस्तक छापून घेतलं. प्रती पाचशे, किंमत नऊ आणे. आपण ते स्त्री-पुरुषांच्या बरोबरीसाठी वाचतो, आणि बरोबर वाचतो. पण त्यात पुस्तकांची परीक्षणं आहेत हे कुणी सांगत नाही. ‘मुक्तामाला’, ‘मंजुघोषा’, ‘मनोरमा’ नाटक, ‘स्त्रीचरित्र’, ही त्या वेळची वाचली जाणारी पुस्तकं नावानिशी पुढं ओढून बाई त्यांच्या लेखकांना जाब विचारतात. असल्या बायका तुम्ही कुठं पाहिल्या? सगळा कपटीपणा बायकांच्याच अंगी कसा काय आला? आणि तुमचे पुरुष काय धुतल्या तांदळासारखे? हे माझे शब्द आहेत. त्यांचे फार जास्त तिखट आहेत, मुळातूनच वाचा.

त्यांच्यावर टीका झाली तेव्हा बाजू कुणी घेतली? जोतीराव फुल्यांनी, 1885 मध्ये, आपल्या ‘सत्सार’मध्ये. ग्रंथकारांच्या सभेचं आमंत्रण फुल्यांनी नाकारलं तेही 1885 मध्येच. ज्यांच्या पुस्तकांत आमच्या लोकांचं दुःखच नाही त्यांच्या सभेत आम्ही कशाला यायचं, असा त्या पत्राचा रोख होता. एकाच वर्षातली ही दोन कामं मी नेहमी जोडीनं सांगते.

ताराबाईंचं पुस्तक पुढं विसरलं गेलं. स. गं. मालशे यांनी ते 1975 मध्ये पुन्हा छापलं तेव्हा कुठं आपल्या पिढ्यांच्या हातात आलं. म्हणजे कुसुमावती कादंबरीचं शतक लिहीत होत्या तेव्हा, त्यातल्या पहिल्या पुस्तकांना एका वऱ्हाडी बाईनंच सत्तर वर्षांपूर्वी जाब विचारला होता, हे त्यांच्या हाताशी सहज येण्यासारखं नव्हतं. अमरावती ते बुलढाणा किती अंतर आहे? मला याचं फार वाईट वाटतं. दरवेळी बाईला वाटतं आपणच पहिल्या.

दोघींपैकी कुणाचं वळण घ्यावं, असं मला एका कार्यकर्तीनं विचारलं होतं. ताराबाई आगीसारख्या, कुसुमावती शांत. खरं सांगते, वयाच्या पंचविशीत मला कुसुमावती फार मवाळ वाटायच्या. सुशिक्षित घरातली, मऊ बोलणारी बाई. आजही वाटतं, त्यांच्या तराजूत शेतमजूर बाई, दलित बाई फारशी आली नाही. ज्या कादंबऱ्या होत्या त्यांचाच हिशेब त्यांना करायचा होता हे मान्य, तरी वाटतं. पण रागानं लिहिलेल्या माझ्याच जुन्या लेखांकडं बघते तेव्हा त्यात पुस्तक कमी आणि मीच जास्त असते. ताराबाई रागावल्या तरी पुस्तक सोडत नाहीत. पुस्तकाचं नाव, त्यातला प्रसंग, त्यातली बाई. आमचा राग बहुतेक वेळा न वाचताच येतो, आणि तो विरोधकाला फार सोयीचा असतो. मोर्चा काढायचा तर काढा, पण आधी पुस्तक पूर्ण वाचा, एवढं मी कुसुमावतींकडून घेतलं.

न वाचता काय होतं ते 1933 मध्ये दिसलं. विभावरी शिरूरकर या टोपणनावानं ‘कळ्यांचे निःश्वास’ आलं. शिकलेल्या, नोकरी करणाऱ्या, लग्न न झालेल्या मुलींच्या मनातलं. गदारोळ झाला. पुस्तकात काय म्हटलंय यापेक्षा ही बाई कोण, याचाच शोध जास्त. त्या होत्या मालतीबाई बेडेकर. 1981 मध्ये मुंबईत समांतर साहित्य संमेलन भरलं, त्याच्या अध्यक्ष त्याच.

तुम्ही म्हणाल, ताई, हे सगळं ठीक, पण आमच्या कामाला याचा काय उपयोग? आमच्याकडं दारूबंदीचा ठराव पडून आहे, रोजगार हमीचे पैसे अडकलेत.

एक उदाहरण देते. मथुरा प्रकरण तुम्ही ऐकलेलं आहे. 1972 मध्ये तेव्हाच्या चंद्रपूर जिल्ह्यातल्या देसाईगंजच्या पोलीस ठाण्यात एका आदिवासी मुलीवर पोलिसांनी अत्याचार केला, आणि सर्वोच्च न्यायालयानं त्यांना सोडलं. 1979 मध्ये कायदा शिकवणाऱ्या चौघांनी, उपेंद्र बक्षी, लतिका सरकार, वसुधा धागमवार आणि रघुनाथ केळकर यांनी, न्यायालयाला उघडं पत्र लिहिलं. त्या पत्रात काय होतं? निकालपत्राचं वाचन. अंगावर जखमा नाहीत म्हणजे संमती होती, हे कुठून काढलंत? ओरडली नाही म्हणजे तयार होती, हे कशावरून? एकेक शब्द धरून विचारलं. त्या पत्रावरून देशभर मोर्चे निघाले, आणि 1983 मध्ये कायदा बदलला. मोर्चा नंतर निघाला. आधी कुणीतरी नीट वाचलं होतं.

आणि दुसरं उदाहरण माझंच आहे. हे सांगावं की नाही याचा मी काल रात्री विचार करत होते.

नोकरीला लागून दोन-तीन वर्षं झाली होती. वार्षिक अहवालासाठी केस स्टडी लिहायची होती. इथून दहा-बारा किलोमीटरवरच्या गावातल्या एका टाकलेल्या बाईची लिहिली. नाव बदललं. नवऱ्यानं दुसरी केली, दोन लेकरं पदरात, पोटगीचा दावा. मी सुरुवात केली, ‘अशिक्षित, निराधार, खचलेली अशी ती आमच्या कार्यकर्तीला भेटली.’ शेवट, ‘संस्थेनं दिलेल्या आधारानं आज ती ताठ मानेनं उभी आहे.’ साहेबांना आवडली. पहिल्या पानावर छापली.

अहवालाची एक प्रत मीच हौसेनं तिला नेऊन दिली. तिची मुलगी सातवीत. तिनं अंगणात बसून मोठ्यानं वाचली. बाई भाजी निवडत ऐकत होती. संपल्यावर बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, ‘ताई, ह्याच्यात मी नुसती रडूनच राहिले की ओ.’

मी म्हटलं, तुम्ही रडला होतात ना?

‘रडले की. रडले नाही असं कुठं म्हणते? पण नवरा गेल्यावर मी शेळ्या घेतल्या, ते कुठं गेलं? सासऱ्यानं रात्री दाराला कडी लावली तर मी मागचा कूड फोडून लेकरं बाहेर काढली, ते? आणि तुमाला माझं घर घावत नव्हतं, तवा मीच फाट्यावर आले होते तुमाला न्यायला. हितं लिवलंय तुमी मला शोधून काढली.’

मुलगी खाली मान घालून हसत होती. मला वाटलं धरणी पोटात घेईल तर बरं.

शेळ्या मी का गाळल्या होत्या? मला आठवतंय. वकील म्हणाले होते, उत्पन्नाचा उल्लेख नको, पोटगी कमी होईल. कोर्टातल्या कागदाची गरज वेगळी असते, त्यावर वेगळं भांडू. पण माझा अहवाल कोर्टात जाणार नव्हता, तो देणगी देणाऱ्यांकडं जाणार होता. आणि शेळ्या घेणाऱ्या, कूड फोडणाऱ्या बाईला मदत कशाला, असं त्यांना वाटू नये म्हणून मी तिला ‘निराधार’ केली. रिसबुडांना बायकांच्या आयुष्यात काही घडलेलं दिसत नव्हतं. मला दिसलं होतं, आणि मी पुसून टाकलं. दोघांत बरं कोण, ते तुम्हीच सांगा. म्हातारी म्हणाली तसंच, मी लिहिताना सोयीसाठी काहीतरी मारलंच होतं.

त्यानंतर आमच्यात एक पद्धत पाडली. केस लिहिली की जिची आहे तिला आधी वाचून दाखवायची, छापायची की नाही हे तिनं सांगायचं, आणि ती जे म्हणेल ते खाली वेगळं लिहायचं, तिच्याच बोलीत. वेळ जातो. वरून फोन येतात, मजकूर कधी पाठवताय? एकदोघींनी साफ सांगितलं, छापू नका, गावात ओळखू येईल. नाही छापल्या.

तुमच्या समोर ही जी वही ठेवली आहे, ती गावच्या वाचनालयांसाठी आहे. वाचनालयात अभिप्रायाची वही असते, तुम्ही पाहिली असेल. त्यात पाहुणे येऊन ‘उपक्रम स्तुत्य आहे’ असं लिहून जातात, पुस्तकांविषयी एक ओळ नसते. ही वही पुस्तकांसाठी. पुस्तकाचं नाव, कुणी वाचलं, वाचता येत नसेल तर कुणी वाचून दाखवलं, आणि म्हणणं. ‘छान आहे’ असं कुणी लिहिलं तर मी पुन्हा विचारीन, काय छान आहे? कंटाळा आला असेल तर कोणत्या पानावर आला ते लिहा. तेलुगूत सांगितलं तरी चालेल, लिहून घेणारी मराठीत लिहील. पहिला महिना हरिभाऊ आपट्यांची ‘पण लक्षात कोण घेतो?’ घ्यायची असं ठरलं आहे. यमू नावाच्या मुलीनं स्वतःची हकीकत सांगितली आहे, पण लिहिणारे हरिभाऊ. मोठी आहे, दोघीदोघींनी वाटून घ्या. कुठं यमू बोलते आणि कुठं हरिभाऊ बोलतात, याच्यावर खूण करता आली तर बघा.

हां, ती बाई. ती केस मी पुन्हा लिहिली. शेळ्या, कूड, फाटा, सगळं घालून. मुलगी तोपर्यंत दहावीला गेली होती, तिनंच वाचून दाखवली. बाईनं शेवटपर्यंत ऐकली आणि म्हणाली, ‘चार नाही ओ ताई. तवा तीनच होत्या. चौथी मागनं घेतली.’